निशाणी ५ च्या, म्हणजे तात्पुरत्या मनाई हुकुमाच्या, अर्जावर मनाई न मिळता नुसती नोटीस निघाली. पुढच्या तारखेपर्यंत काय करावे?

महालची लेक (अमरावती):

नमस्कार. नागपूरच्या महाल भागात आमचे वडिलोपार्जित घर आहे. ते आजोबांनी घेतले होते. आजोबा १९५२ साली गेले, त्यांच्यामागे घर वडिलांकडे आले. वडील २००९ साली आणि आई २०१९ साली गेली. दोन भाऊ आणि मी, असे आम्ही तिघेच वारस आहोत. मी लग्नानंतर अमरावतीला असते, मोठे दादा त्या घरात राहतात आणि धाकटा भाऊ पुण्याला असतो. आखीव पत्रिकेवर (सिटी सर्व्हेच्या मिळकत पत्रिकेवर) वडिलांनंतर दोघा भावांचीच नावे लागलेली आहेत.

दोन महिन्यांपूर्वी एका वर्तमानपत्रात जाहीर नोटीस आली, की हे घर एक बांधकाम व्यावसायिक विकसनासाठी घेत असून कोणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांत कळवावी. मी मुदतीत रजिस्टर पोस्टाने हरकत पाठवली. तिला उत्तर आले नाही आणि दादांना विचारले तेव्हा "अजून काहीच ठरलेले नाही" एवढेच ते म्हणाले. त्यानंतर खालच्या दुकानातील भाडेकरूंनी फोन करून सांगितले, की त्यांना जागा रिकामी करायला सांगितले आहे आणि मोजणी करणारी माणसे दोनदा येऊन गेली. तेव्हा मात्र मी थांबले नाही. मागील आठवड्यात न्याय मंदिरात, वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायालयात, वाटपाचा दावा दाखल केला आणि त्यासोबत तात्पुरत्या मनाई हुकुमाचा अर्ज दिला. दाव्यात दोघे भाऊ प्रतिवादी आहेत.

पहिल्याच दिवशी एकतर्फी मनाई मिळेल, अशी माझी समजूत होती. न्यायाधीशांनी आमचे म्हणणे ऐकून घेतले आणि प्रतिवादींना कारणे दाखवा नोटीस काढून चौदा दिवसांनंतरची तारीख दिली. याचा अर्थ अर्ज फेटाळला असा होतो का? या चौदा दिवसांत त्यांनी दस्त नोंदवला किंवा घर पाडायला घेतले, तर दाव्याला काय अर्थ उरेल? लगेच वरच्या न्यायालयात अपील करावे का? ते घर म्हणजे माझ्यासाठी केवळ एक तृतीयांश हिस्सा नाही, म्हणून कृपया सविस्तर मार्गदर्शन करावे.

दिवाणी वकील, सिव्हिल लाइन्स:

ताई, प्रथम मनातील भीती दूर करते. आपला अर्ज फेटाळलेला नाही, तो प्रलंबित आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३९, नियम ३ प्रमाणे मनाई देण्यापूर्वी दुसऱ्या बाजूला नोटीस देणे हाच नियम आहे आणि एकतर्फी आदेश हा अपवाद आहे. नोटीस देण्यात जाणारा वेळच अर्जाचा हेतू निष्फळ करील, असे न्यायालयाला वाटले तरच ते नोटिशीशिवाय आदेश देते आणि तसे वाटण्याची कारणे त्याला लिहून ठेवावी लागतात. ही कारणे लिहिणे म्हणजे केवळ उपचार नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ च्या शिवकुमार चढ्ढा प्रकरणात स्पष्ट केले आहे. आपल्या प्रकरणात जाहीर नोटीस दोन महिन्यांपूर्वी आली होती, "दोन महिने थांबला होता, मग आणखी चौदा दिवस का थांबता येणार नाही?" हा प्रश्न न्यायाधीशांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्यामुळे हरकत केव्हा पाठवली, दादा काय म्हणाले आणि मोजणी केव्हा झाली, हा तारीखवार क्रम अर्जात नसेल, तर तो अतिरिक्त शपथपत्राने अवश्य आणावा.

अपिलाचा विचार आज करू नये. मनाई देणाऱ्या किंवा नाकारणाऱ्या आदेशावर आदेश ४३, नियम १ प्रमाणे अपील होते. दाव्याच्या मूल्यांकनानुसार ते जिल्हा न्यायालयात किंवा उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जाते आणि त्यासाठी अनुक्रमे तीस आणि नव्वद दिवसांची मुदत असते. आपल्याकडे मात्र अजून अर्जावर निर्णयच झालेला नाही. अपिलाच्या धावपळीत हे चौदा दिवस घालवण्यापेक्षा ते नोटीस बजावण्यात आणि कागद जुळवण्यात घालवलेले बरे.

चौदा दिवसांत दस्त झालाच तर काय, हा आपला खरा प्रश्न आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५२ प्रमाणे दावा प्रलंबित असताना दाव्यातील मिळकत कोणी विकत घेतली, तर त्याचा हक्क दाव्याच्या निकालाच्या अधीन राहतो. महाराष्ट्रात या कलमाला राज्याची दुरुस्ती असून तिच्यात दाव्याची सूचना नोंदणी कार्यालयात नोंदवण्याची तरतूद आहे. म्हणून आपल्या वकिलांना सांगून ती सूचना दुय्यम निबंधकांकडे लवकरात लवकर नोंदवून घ्यावी. पुढे मिळकतीचा शोध घेणाऱ्या प्रत्येकाच्या नजरेस ती पडते. मात्र कलम ५२ मुळे विक्री थांबत नाही आणि भिंतीवरचा हातोडाही थांबत नाही. त्यासाठी मनाईच हवी.

घर राहते असल्यामुळे आणखी एक मुद्दा आपल्या बाजूने आहे आणि तो बहुतेक अर्जांत एका ओळीत उरकला जातो, याचे मला नेहमी वाईट वाटते. एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरातील हिस्सा बाहेरच्या माणसाने विकत घेतला, तरी त्याला त्या घरात संयुक्त ताबा मागण्याचा हक्क मिळत नाही, असे त्याच अधिनियमाचे कलम ४४ सांगते. सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली डोराब कावसजी वॉर्डन प्रकरणात याच तत्त्वावर बाहेरच्या खरेदीदाराविरुद्धचा अंतरिम आदेश पुन्हा लागू केला होता. मनाईसाठी प्रथमदर्शनी प्रकरण, भरून न येणारे नुकसान आणि सोयी-गैरसोयीचे पारडे या तीन गोष्टी पाहिल्या जातात. त्यांपैकी "नुकसान पैशांत भरून निघेल" हा दुसऱ्या बाजूचा ठरलेला युक्तिवाद असतो. त्याला खरे उत्तर म्हणजे हे कलम होय. घरात कोणत्या खोल्या आहेत, कोण राहते, आपण सणासुदीला कोठे उतरता, आपले सामान कोणत्या खोलीत आहे, हे शपथपत्रात साध्या शब्दांत लिहावे. आपण आपल्या भावनेचा उल्लेख शेवटी ओझरता केला आहे, पण त्यामागील वस्तुस्थिती कायद्याच्या दृष्टीनेही महत्त्वाची आहे.

दाव्यात एक उणीव दिसते. बांधकाम व्यावसायिक प्रतिवादी नाही आणि जो पक्षकार नाही त्याच्याविरुद्ध मनाई मागणे कठीण असते. त्याला आदेश १, नियम १० खाली पक्षकार करण्याचा अर्ज द्यावा. आपली हरकत त्याच्या वकिलांना पोहोचलेली असल्यामुळे "मला काहीच ठाऊक नव्हते" असे त्याला म्हणता येणार नाही. ती पोस्टाची पावती आणि पोचपावती मूळ स्वरूपात जपून ठेवावी. घराची आजची स्थिती नोंदवून ठेवण्यासाठी आदेश ३९, नियम ७ खाली पाहणीचा किंवा आदेश २६, नियम ९ खाली न्यायालय आयुक्त नेमण्याचा अर्जही देता येतो. छायाचित्रे जोडणार असाल तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचे प्रमाणपत्र सोबत जोडावे. १ जुलै २०२४ पासून जुन्या कलम ६५-बी च्या जागी ते आले आहे.

मधल्या दिवसांत खरोखरच काही घडले, म्हणजे दुकान रिकामे केले, कौले उतरवली किंवा टोकन दिल्याचा कागद हाती लागला, तर तारखेची वाट पाहू नये. प्रकरण बोर्डावर, म्हणजे त्या दिवसाच्या सुनावणीच्या यादीत, घेण्याचा अर्ज द्यावा आणि नव्या घटनेच्या आधारे "जैसे थे" आदेश मागावा. पूर्वी महाराष्ट्रात अशा टप्प्यावर दुसरी बाजू अधिकारक्षेत्राची हरकत घेत असे आणि दिवाणी प्रक्रिया संहितेत १९७७ साली घातलेल्या कलम ९-अ मुळे तो मुद्दा आधी निकाली काढावा लागत असल्याने मनाईचा अर्ज वर्षानुवर्षे रेंगाळत असे. ते कलम २०१८ मध्ये वगळले गेले. माझ्या वकिलीची पहिली अनेक वर्षे त्या कलमाशी झगडण्यात गेली, म्हणून आजच्या पक्षकारांना ते भोगावे लागत नाही याचे मला मनापासून समाधान वाटते.

शेवटी एक प्रश्न विचारते आणि तो राग न मानता घ्यावा. वडील गेल्यावर आखीव पत्रिकेवर आई आणि तीन मुले अशा चार वारसांऐवजी दोघांचीच नावे कशी लागली? न्यायाधीश सर्वांत आधी हेच विचारतील.

निवृत्त न्यायालयीन कर्मचारी:

वकीलबाईंनी कायदा सांगितला. मी कार्यालयातील बाजू सांगतो, कारण माझ्या नोकरीत मी पाहिलेले निम्मे अर्ज कायद्याअभावी नव्हे, तर बजावणीअभावी लांबले. आदेश झाला म्हणजे नोटीस आपोआप निघते, असे पक्षकारांना वाटते. तसे नसते. प्रोसेस फी (बजावणीचे शुल्क) भरावी लागते, प्रत्येक प्रतिवादीसाठी दावा, अर्ज, शपथपत्र आणि दस्तऐवज यांच्या प्रती द्याव्या लागतात, पत्ते पूर्ण असावे लागतात. त्यानंतरच नोटीस तयार होऊन नाझर कार्यालयामार्फत बेलीफकडे जाते. यातील एखादी गोष्ट राहिली, तर तारखेच्या दिवशी रोजनाम्यात (न्यायालयाच्या दैनंदिन नोंदीत) "नोटीस तामील नाही" एवढेच लिहिले जाते आणि नवी तारीख पडते.

म्हणून ताई, आपण उद्याच हमदस्त नोटिशीची परवानगी मागावी. आदेश ५, नियम ९-अ प्रमाणे न्यायालय बजावणीसाठी कागद वादीच्याच हाती देऊ शकते. धाकटे बंधू पुण्याला असल्यामुळे त्यांची नोटीस तेथील न्यायालयामार्फत जाईल आणि तिला हमखास उशीर होईल. त्यांच्यासाठी स्पीड पोस्टाने पाठवण्याची परवानगीही सोबतच घ्यावी. महालातील घरी बेलीफ जाईल, तेव्हा ओळख पटवण्यासाठी आपला माणूस सोबत द्यावा. दादा घरी नसतील आणि लवकर भेटण्याची शक्यताही नसेल, तर कुटुंबातील प्रौढ व्यक्तीला, मग ती वहिनी असली तरी, बजावणी करता येते. नोकराला मात्र करता येत नाही. कागद घेण्यास कोणी नकार दिला, तर तो नकार बेलीफने जागेवरच, वेळ आणि साक्षीदार नमूद करून लिहिला पाहिजे. अहवाल मोघम असला, तर पुढच्या तारखेला त्यावरच वाद होतो.

पुढे कधी एकतर्फी आदेश मिळाला, तर एक काम विसरू नये. त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या बाजूला सर्व प्रती दिल्याचे किंवा रजिस्टर पोस्टाने पाठवल्याचे शपथपत्र दाखल करावे लागते. आदेश मिळाल्याच्या आनंदात पक्षकार गावी निघून जातात आणि हे शपथपत्र राहून जाते.

महालची लेक (अमरावती):

आपणा दोघांची अत्यंत ऋणी आहे. हमदस्तचा अर्ज आजच दिला. पण वकीलबाईंचा शेवटचा प्रश्न वाचल्यापासून मन स्वस्थ नाही. २०१२ साली दादांनी शंभर रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर एक संमतीपत्र आणले होते. "सिटी सर्व्हेत नावे लावायची आहेत, तुझी सही लागते", असे ते म्हणाले. आई समोर बसली होती. मी फारसे न वाचता सही केली. त्यात "मला हिस्सा नको, भावांची नावे लावण्यास माझी हरकत नाही" असे काहीसे लिहिले होते. ते नोंदणीकृत नाही आणि त्याची प्रत माझ्याकडे नाही. हे मी माझ्या वकिलांना सांगितलेले नाही आणि दाव्यातही ते आलेले नाही. आता ते सांगितले तर मनाई मिळण्याची शक्यताच संपेल, असे भय वाटते. दादांनी ते काढलेच नाही, तर आपणहून का सांगावे, असाही विचार मनात येतो.

सक्करदऱ्याचा रहिवासी:

ताई, मी वकील नाही, परंतु हा शेवटचा विचार मीही एकदा केला होता, म्हणून लिहितो. सामाईक भिंतीवरून शेजाऱ्यांविरुद्ध दावा केला आणि मला पहिल्याच दिवशी एकतर्फी मनाई मिळाली. त्याच भिंतीबाबत माझ्या वडिलांनी पूर्वी एक दावा करून तो मागे घेतला होता, हे मी कोठेच लिहिले नव्हते. त्या दाव्याने आमचे काही बिघडत नव्हते; तो आपसांत मिटल्यामुळे मागे घेतला होता. परंतु शेजाऱ्यांनी त्याच्या नकला काढून आदेश रद्द करण्याचा अर्ज दिला आणि तिसऱ्या आठवड्यात माझी मनाई उठली. आदेशात भिंत कोणाची याविषयी एक वाक्यही नव्हते. मी वस्तुस्थिती दडवली, एवढेच कारण त्यात होते. नंतर साक्षीच्या वेळी माझ्या प्रत्येक उत्तराला त्याच मुद्द्यावरून प्रश्न विचारले गेले. जे सांगितले असते तर दोन ओळींत संपले असते, ते पुढे चार वर्षे माझ्या मागे लागले.

दिवाणी वकील, सिव्हिल लाइन्स:

ताई, आपण हे येथे लिहिलेत, तसेच आज संध्याकाळपर्यंत आपल्या वकिलांना सांगा. आदेश ३९, नियम ४ प्रमाणे महत्त्वाच्या बाबतीत जाणूनबुजून खोटे किंवा दिशाभूल करणारे कथन करून एकतर्फी मनाई मिळवली असेल, तर सामान्यतः न्यायालय ती रद्दच करते. अपुऱ्या कारणांवर मनाई मिळवली म्हणून दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ९५ खाली पन्नास हजार रुपयांपर्यंत भरपाईही द्यावी लागू शकते. नोटिशीनंतरच्या सुनावणीतही गोष्ट तीच राहते, कारण मनाई हा न्यायालयाच्या विवेकाधीन असलेला दिलासा आहे आणि तो मागणाऱ्याने स्वच्छ हातांनी यावे लागते. सुदैवाने आपल्याला एकतर्फी आदेश मिळालेला नाही. त्यामुळे दुरुस्तीला अजून पूर्ण वाव आहे आणि या दृष्टीने ती नोटीस निघाली हे आपल्या हिताचेच झाले.

आता त्या कागदाविषयी. स्थावर मिळकतीतील शंभर रुपये किंवा अधिक मूल्याचा हक्क सोडून देणारा लेख नोंदणी अधिनियमाच्या कलम १७ प्रमाणे नोंदवावाच लागतो. हक्कसोड पत्र नोंदणीकृत असावे लागते, ते याचसाठी. न नोंदवलेल्या कागदाने आपला हिस्सा गेला, असे प्रथमदर्शनी म्हणता येणार नाही. आखीव पत्रिकेवरील फेरफारामुळेही मालकी मिळत किंवा जात नाही. वडील २००९ साली, म्हणजे हिंदू उत्तराधिकार अधिनियमातील ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीनंतर गेले, त्यामुळे मुलगी म्हणून जन्माने मिळणारा आपला हक्क भक्कम आहे. विनीता शर्मा प्रकरणात ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तर वडील त्या तारखेला हयात असण्याचीही गरज नाही, असे म्हटले आहे.

तरीही त्या कागदाला हलके लेखू नका. दादांचे वकील असे म्हणतील, की घरातल्या घरात तोंडी व्यवस्था आधीच झाली होती आणि हा कागद केवळ तिची आठवण म्हणून लिहिला गेला. तशा आठवणीच्या लेखाला नोंदणीची गरज नसते, हेही तितकेच प्रस्थापित आहे. या युक्तिवादाचा निर्णय पुराव्यानंतर होईल. पण आज न्यायाधीशांनी तो कागद प्रथम कोणाच्या हातून पाहावा, हे आपल्या हाती आहे. सिटी सर्व्हे कार्यालयात फेरफाराच्या कागदपत्रांची नक्कल मागावी. संमतीपत्र तेथे लावले असेल, तर ते मिळेल. मग अतिरिक्त शपथपत्रात सही कोणत्या परिस्थितीत केली, मोबदला मिळाला नाही, आई हयात होती आणि तेव्हा वाटपाची कोणतीही बोलणी झाली नव्हती, हे सर्व, जेवढे खरे असेल तेवढेच, लिहावे. दाव्यातही दुरुस्तीचा अर्ज देऊन हा मजकूर आणावा.

तारखेला दादांचे वकील बहुधा म्हणणे दाखल करण्यासाठी मुदत मागतील. मुदत मिळेलच. त्या क्षणी आपल्या वकिलांनी आग्रहाने सांगावे, की मुदत घ्यावी, परंतु तोपर्यंत मिळकत हस्तांतरित करणार नाही आणि तिच्यात फेरबदल करणार नाही, असे निवेदन द्यावे. ते तोंडी राहू देऊ नये. पुरसिस (पक्षकाराचे लेखी निवेदन) घ्यावी किंवा रोजनाम्यात नोंद करवून घ्यावी. निवेदन देण्यास ते तयार नसतील, तर तीच गोष्ट न्यायाधीशांच्या नजरेस आणून तारखेपर्यंत "जैसे थे" मागावे. आदेश झाल्यावर त्याचा भंग झाला, तर आदेश ३९, नियम २-अ खाली मिळकत जप्ती आणि तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद, एवढे अधिकार न्यायालयाला आहेत.

महालची लेक (अमरावती):

तारीख काल झाली. सिटी सर्व्हेतून संमतीपत्राची नक्कल मिळाली होती. सकाळी न्यायालय सुरू होताच आमच्या वकिलांनी ती अतिरिक्त शपथपत्रासह दाखल केली. आधी सांगितले नाही म्हणून ते माझ्यावर रागावले आणि तो राग योग्यच होता. दादांची नोटीस हमदस्त बजावली गेली होती, वहिनींनी सही करून घेतली. धाकट्या भावाची पोचपावती पोस्टाने आली; तो स्वतः मात्र आला नाही.

दादांचे वकील वकालतनामा देऊन लगेच म्हणाले, की वादीने स्वतःच हक्क सोडल्याचा कागद आहे आणि तिने तो लपवला आहे. न्यायाधीशांनी आमची दस्तऐवजांची यादी त्यांच्यापुढे केली आणि तो कागद वादीनेच दाखल केल्याचे सांगितले. त्यावर त्यांनी म्हणणे देण्यासाठी मुदत मागितली. आमच्या वकिलांनी आपण सांगितल्याप्रमाणे आग्रह धरला. थोड्या चर्चेनंतर, पुढील तारखेपर्यंत मिळकतीचा कोणताही दस्त करणार नाही आणि बांधकामाला हात लावणार नाही, अशी पुरसिस दादांच्या सहीने दाखल झाली. बांधकाम व्यावसायिकाला पक्षकार करण्याच्या अर्जावर त्यांचे म्हणणे त्याच दिवशी यायचे आहे. कालच्या रोजनाम्याच्या आणि पुरसिसच्या नकलेसाठी अर्ज दिला आहे. उद्या दाव्याची सूचना नोंदवण्यासाठी दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात जायचे असल्याने आज नागपुरातच थांबले आहे. बाहेर पडताना दादा पायऱ्यांवर भेटले. ते काही बोलले नाहीत, मीही बोलू शकले नाही.

निवृत्त न्यायालयीन कर्मचारी:

ताई, नकलेच्या अर्जावर "तातडीचा" असा शेरा आहे का, ते पाहून घ्या आणि उद्या निबंधक कार्यालयात जाताना दाव्याची शिक्का असलेली प्रत व आखीव पत्रिकेचा ताजा उतारा सोबत ठेवा. सूचनेतील सिटी सर्व्हे क्रमांक, क्षेत्रफळ आणि चतु:सीमा दाव्यातील वर्णनाशी अक्षरशः जुळल्या पाहिजेत. एका आकड्याचा फरक असला, तरी शोध घेणाऱ्याला ती नोंद सापडत नाही.